माफियावर संस्कृतीचे पांघरूण नको: कॉर्सिकाच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व 63 सदस्य,
कॉर्सिकाची प्रतिनिधीसभा, आजाक्सिओ

स.न.वि.वि.

27 मार्च 2024 रोजी आपण कॉर्सिकाच्या स्वायत्ततेच्या मसुद्यावर मतदान केले. मूळ मुद्द्याला 63 पैकी 62 मते मिळाली. फ्रान्सच्या राज्यघटनेत बेटाला स्वतंत्र स्थान मिळावे आणि कायद्यांना स्थानिक गरजेप्रमाणे वळण देण्याचा अधिकार आजाक्सिओत यावा, ही मागणी आम्हाला न्याय्य वाटते. आपल्या मतदानाला आमचा विरोध नाही. या अधिकाराभोवती जे कुंपण आधी उभे राहायला हवे होते ते अजून चर्चेतच अडकले आहे, हे मात्र आम्हाला गप्प राहून पाहवत नाही. जमिनीचा वापर, बांधकामाचा परवाना, कचऱ्याचे कंत्राट, समुद्रकिनाऱ्यावरची जागा या गोष्टींवर टोळ्यांचा आज डोळा आहे. उद्या त्यांच्याबद्दलचे जास्त निर्णय तुमच्या हाती येणार आहेत.

आम्ही फ्रान्समध्ये आणि महाराष्ट्रात राहणारे काही मराठी भाषक आहोत. आमच्यापैकी जे फ्रान्समध्ये आहेत त्यांच्या कराचा पैसा बेटावरच्या रस्त्यांत, बंदरांत आणि कचराप्रकल्पांत जातो. जे महाराष्ट्रात आहेत ते संघटित गुन्हेगारीविरुद्ध 1999 मध्येच खास कायदा केलेल्या राज्यात राहतात. असा कायदा कुठे उपयोगी पडतो आणि कुठे घसरतो हे त्यांना ठाऊक आहे. पत्र मराठीत आहे, त्यामागेही कारण आहे. मराठीत कॉर्सिका म्हटले की दोनच गोष्टी आठवतात: नेपोलियनचे जन्मगाव आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारा सूड. तिथला माणूस रक्तानेच असा, इज्जतीसाठी मारतो आणि मरतो, असे आपल्याकडे आजही कौतुकाने लिहिले जाते. हे कौतुक टोळ्यांच्या पथ्यावर पडते. दुर्दैवाने हीच समजूत वेगळ्या शब्दांत तुमच्या सभागृहातही डोकावते.

म्हणून सुरुवात शब्दांपासून करतो. घराणे, सूड आणि माफिया या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची सरमिसळ झाली की कोणालाच काही करावे लागत नाही.

सूड, म्हणजे कॉर्सिकन भाषेतला 'विन्देत्ता', इटलीतल्या जिनोव्हा या नगरराज्याच्या राजवटीत फोफावला, कारण न्याय विकत मिळत होता किंवा मिळतच नव्हता. कॉर्सिकन नेते पास्काल पाओली यांनी 1755 ते 1769 या स्वतंत्र कॉर्सिकाच्या चौदा वर्षांत न्यायालये बसवली आणि सूडाने खून करणाऱ्याला कडक शिक्षा ठरवली. खुन्याच्या घराच्या जागी बदनामीचा खांब उभारायची शिक्षाही त्यात होती. त्या चौदा वर्षांत सूड आटोक्यात आला. जी गोष्ट रक्तात असते ती न्यायालये उघडल्याने थांबत नाही. पुढे रानात लपणाऱ्या 'इज्जतदार डाकूं'च्या कहाण्या रंगवल्या गेल्या. 1931 च्या नोव्हेंबरात फ्रान्सने त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम काढली, आणि त्यांच्यातल्या शेवटच्या नामांकितांपैकी आन्द्रे स्पादा याला 1935 मध्ये बेटाच्या उत्तरेकडच्या बास्तिया शहरात गिलोटिनवर चढवले. तोवर या डाकूंचे काम बसमालकांकडून आणि हॉटेलवाल्यांकडून पैसे उकळणे हेच झाले होते. इज्जतीची कथा राहिली, धंदा मात्र खंडणीचा होता.

घराण्यांचे राजकारण ही दुसरी गोष्ट. डोंगरातले गाव आणि पॅरिस यांच्यामध्ये एक मध्यस्थ उभा असतो. नोकरी, पेन्शन, शिष्यवृत्ती, गावापर्यंतचा रस्ता सगळे त्याच्या चिठ्ठीने मिळते आणि त्या बदल्यात घरातली सगळी मते त्याला जातात. परगावी राहणाऱ्यांची मतेही. फ्रान्समध्ये टपाली मतदान 1975 मध्ये बंद झाले. त्यामागे गैरप्रकारांचा जो अनुभव होता त्यात कॉर्सिकाचा वाटा मोठा होता. त्यानंतर मुखत्यारीने मत देण्याची पद्धत वापरात आली आणि 1991 च्या कायद्याने बेटाच्या मतदारयाद्या मुळापासून नव्याने कराव्या लागल्या. यात कायदा मोडला जातो आणि लाजिरवाणेही पुष्कळ असते, पण हे पिस्तुलाचे राजकारण नव्हे. मात्र एक सवय त्यातून रुजते. हक्काची गोष्टसुद्धा कोणाच्या तरी ओळखीने मागायची. टोळी नेमकी या सवयीवर येऊन बसते. मध्यस्थ तोच राहतो, फक्त त्याच्यामागे आता शस्त्र असते.

तिसरी गोष्ट माफिया. बास्तियाच्या जुन्या बंदरावरच्या एका कॅफेच्या नावाने ओळखली जाणारी 'ब्रीज द मेर' टोळी 1970 च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. दरोडे, जुगाराची यंत्रे, पॅरिसचे जुगारक्लब आणि मग बांधकाम व जमीन असा तिचा प्रवास झाला. 2008-09 मध्ये ती आपसातल्या खुनांनी फुटली. आजाक्सिओत 'पेती बार' (छोटा बार) टोळी वाढली. 2022 च्या एका पोलीस टिपणात बेटावर 25 गुन्हेगारी टोळ्या मोजल्या होत्या. बेटाची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास आहे, आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या एका शहराइतकी.

'माफिया' म्हणावे की 'माफियासारख्या प्रथा', यावर बेटाच्या सार्वजनिक चर्चेत फार वेळ गेला. 'माफिया' म्हटल्याने सगळ्या कॉर्सिकन लोकांना डाग लागेल ही भीती आम्ही समजू शकतो, कारण मुंबईच्या माणसाला 'अंडरवर्ल्ड' या शब्दाने असाच डाग लागला होता. पण शब्द टाळल्याने डाग पुसला जात नाही. सप्टेंबर 2019 मध्ये कार्जेझ गावात कॉर्सिकन राष्ट्रवादी कार्यकर्ते मासिमु सुसिनी यांचा खून झाला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या दोन नागरिक-गटांपैकी एकाने आपल्या नावातच हा शब्द कॉर्सिकन भाषेत घातला: 'आ माफ्फिया नो, आ वीता ये'. माफिया नको, जगणे हवे. गावातल्या शिक्षकांनी आणि शेतकऱ्यांनी जो शब्द भर रस्त्यात उच्चारला, तो लोकप्रतिनिधींना जड जाऊ नये.

आता तक्रारी. त्या आम्ही क्रमाने मांडतो, पण सगळ्यांचे वजन सारखे नाही. पहिली सर्वांत लांब आहे, कारण पुढच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात.

जमिनीची तक्रार. वारस नोंद न केलेला सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. प्रशासक मियो यांच्या 1801 च्या आदेशांनी कॉर्सिकात वारसाहक्काची घोषणा मुदतीत न केल्यास होणारा दंड काढून टाकला. हेतू चांगला होता, लोक गरीब होते. पण दंड नाही म्हणून घोषणा नाही आणि घोषणा नाही म्हणून फेरफार नाही. पाच-सहा पिढ्यांनंतर असंख्य तुकडे अजूनही कागदोपत्री मेलेल्या माणसांच्या नावावर आहेत, आणि हक्कदार मार्सेय, पॅरिस, पोर्तो रिको असे विखुरलेले आहेत. हा गुंता सोडवायला सरकारने एक खास संस्था नेमली आणि 6 मार्च 2017 च्या कायद्याने वाट मोकळी केली. तीस वर्षांच्या कब्ज्याच्या आधारे नोटरी एक जाहीर दाखला करतो. त्यासाठी गावातले साक्षीदार, करपावत्या आणि वापराच्या खुणा लागतात. दाखला गावच्या फलकावर, संकेतस्थळावर आणि जमीन-नोंदणी कार्यालयात प्रसिद्ध होतो. शेवटच्या प्रसिद्धीपासून पाच वर्षांत कोणी हरकत घेतली नाही तर नंतर घेता येत नाही.

कायदा आवश्यक होता हे आम्ही मान्य करतो. त्याशिवाय प्रामाणिक कुटुंबांना घराचे छप्पर दुरुस्त करायला कर्जही मिळत नव्हते. पण तो बिघडतो कुठे ते पाहा. साक्षीदार त्याच गावातला असतो. समोरचा माणूस कोण आहे हे त्याला माहीत असते, आणि 'मला आठवत नाही' म्हणण्यापेक्षा 'हो, यांचीच गुरे इथे चरत' म्हणणे त्याला सुरक्षित वाटते. फलकावरचा कागद मार्सेयमधल्या चुलतबहिणीला दिसत नाही. संकेतस्थळावर तो सापडायचा तर दाखला कधी लागला आणि तुकड्याचा क्रमांक काय हे आधीच माहीत असावे लागते. ज्यांना वारसाहक्काचाच पत्ता नाही त्यांना क्रमांक कुठून माहीत असणार? अशी पाच वर्षे निघून जातात. मग तो तुकडा विकला जातो, दुसऱ्या कंपनीच्या नावे होतो आणि तिथे भिंत उभी राहते.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक दाखला एकाच नकाशावर दिसावा. त्यात गाव, तुकडा, मूळ नोंदीतले आडनाव आणि हरकतीची शेवटची तारीख यांवरून शोध घेता यावा. ज्या आडनावाचा दाखला प्रसिद्ध होईल त्या आडनावासाठी नोंदणी केलेल्यांना आपोआप सूचना जावी. किमान एक साक्षीदार अर्जदाराच्या कुटुंबाशी आणि व्यवसायाशी संबंध नसलेला असावा आणि ते नोटरीने लेखी नोंदवावे. हे सगळे आजच्या कायद्यात बसते, राज्यघटना बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

परवान्याची तक्रार याला जोडूनच येते. किनाऱ्याजवळची शेतजमीन बांधकामयोग्य ठरली की तिची किंमत कित्येक पटींनी वाढते, आणि बेटावर चारांतल्या एकाहून अधिक घरे सुट्टीपुरती वापरली जाणारी आहेत. 1986 च्या किनारपट्टी कायद्यानंतर तुम्हीच 2 ऑक्टोबर 2015 रोजी मंजूर केलेल्या विकास आराखड्याने एक लाखाहून अधिक हेक्टर शेतजमीन राखीव ठरवली. त्या शेतजमिनीचा नकाशा न्यायालयात रद्द झाला आणि 2020 मध्ये पुन्हा मंजूर करावा लागला. मधल्या काळात किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले, हे तपासणे तुमच्या प्रशासनाला अवघड नाही.

परवान्यावर सही करतो तो महापौर. बेटावर सुमारे 360 गावे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हा महापौर म्हणजे दोनएकशे रहिवाशांच्या गावातला एक वयस्क गृहस्थ आणि आठवड्यातून काही दिवस येणारी एक कारकून असते. गावाचा स्वतःचा नगररचना आराखडा नसेल तर प्रिफेक्टचे, म्हणजे सरकारने नेमलेल्या जिल्हाप्रमुखाचे, मत लागते. असेल तर सही आणि जबाबदारी दोन्ही महापौराचीच. प्रिफेक्टकडे कायदेशीरपणा तपासून बास्तियाच्या प्रशासकीय न्यायालयात जायला दोन महिने असतात. शेजाऱ्याला किंवा संस्थेलाही जागेवर फलक लागल्यापासून दोनच महिने. फलक लागला की नाही, कधी लागला, झाडामागे लागला का, यावरच अर्धे खटले लढले जातात. ज्या महापौराची गाडी एका रात्री जळते तो दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार देतो आणि तिसऱ्या दिवशी फाईल पुढे सरकते. 'यू लेवान्ते' ही पर्यावरण संस्था 1980 च्या दशकापासून अशा परवान्यांविरुद्ध न्यायालयात जात आली आहे. खरे तर हे काम तिचे नव्हे, सार्वजनिक यंत्रणेचे आहे.

महापौराला धीर द्यायला भाषणे पुरत नाहीत. त्याच्या टेबलावरून फाईल उचलली पाहिजे. लहान गावांच्या परवान्यांची छाननी बास्तिया किंवा कोर्ते इथल्या एका समान कार्यालयात व्हावी. अर्जावर दोन अधिकाऱ्यांचा लेखी अहवाल असावा. महापौराला अहवालाविरुद्ध सही करायची असेल तर कारणे लिहावी लागावीत आणि ती प्रिफेक्टकडे आपोआप जावीत. म्हणजे दबाव टाकणाऱ्याला एका म्हाताऱ्या माणसाला गाठून भागणार नाही. शिवाय शेतजमिनीचा वापर बदलला की त्या तुकड्याचे आधीच्या आणि नंतरच्या पाच वर्षांतले खरेदीविक्रीचे व्यवहार प्रसिद्ध करावेत. व्यवहारांच्या किमतींची माहिती फ्रान्समध्ये 2019 पासून खुली आहे. ती परवान्यांच्या नोंदींना जोडणे एवढेच काम उरते.

कंत्राटे. बेट असल्याने मुळातच स्पर्धक कमी. कचरा गोळा करणे, त्याची वाहतूक, खडी, काँक्रीट या व्यवसायांत ट्रक आणि जागा ज्याच्याकडे आहे तोच उतरतो. इथे धमकी फार मोठी लागत नाही. निविदेची कागदपत्रे चौघांनी घेतलेली असतात आणि बोली एकच येते. बाकी तिघांना कोणीतरी चहापाण्याला भेटून 'या वेळी राहू द्या' म्हटलेले असते. एकटी बोली जादा दराची असली तरी कचरा रस्त्यावर सडत असल्याने ती मान्य होते. मग वाढीव कामाचे पूरक करार होतात आणि उपकंत्राटदार म्हणून तेच जुने चेहरे परत येतात.

ठराविक रकमेवरच्या कंत्राटांची मूळ माहिती 2018 पासून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. त्यात हे चार रकाने सलग आणि ठळक मांडा: कागदपत्रे किती जणांनी घेतली, बोली किती आल्या, उपकंत्राटदार कोण आणि पूरक करारांनी रक्कम किती वाढली. एकाच बोलीवर गेलेले प्रत्येक कंत्राट तुमच्या समितीपुढे यावे. सहा महिन्यांत या रकान्यांतून जे दिसेल ते कोणत्याही चौकशी समितीपेक्षा जास्त असेल. 1998 मध्ये संसदेच्या चौकशी समितीने बेटावरच्या सार्वजनिक पैशाच्या वापराचा सविस्तर अहवाल दिला होता. आता अहवालांपेक्षा रकान्यांची गरज आहे.

खंडणीबद्दल थोडक्यात, कारण ती सगळ्यांनाच ठाऊक आहे. रोख रकमेची पाकिटे हा तिचा फक्त एक प्रकार. 'आमचा माणूस रखवालीला ठेवा', 'पेये आमच्याकडूनच घ्या', 'कोपऱ्यात हे यंत्र ठेवा', आणि शेवटी 'धंद्यात एवढा हिस्सा आमच्या मेहुण्याच्या नावे करा', अशी ती वाढत जाते. 1976 मध्ये स्थापन झालेल्या भूमिगत राष्ट्रवादी संघटनेनेही 'क्रांतिकर' म्हणून पैसे उकळले, आणि त्या सवयीचा फायदा पुढे निव्वळ गुन्हेगारांनी उचलला. ही गोष्ट सभागृहातल्या सर्व राष्ट्रवादी पक्षांनी स्पष्ट शब्दांत बोलावी. त्याने चळवळीची मान खाली जाणार नाही.

आणि मौन. कॉर्सिकन भाषेत म्हणतात 'आक्क्वा इन बोक्का', तोंडात पाणी. आपण म्हणतो मिठाची गुळणी. हे मौन बेटाच्या स्वभावाचा भाग मानले जाते, त्यावर भावुक होऊन लिहिले जाते. आम्ही त्याचा हिशेब मांडतो. ऑक्टोबर 2012 मध्ये वकील आन्त्वान सोलाकारो यांना आजाक्सिओतल्या पेट्रोल पंपावर भर दिवसा मारले. महिन्याभरात दक्षिण कॉर्सिकाच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष जाक नासेर यांना त्यांच्याच दुकानात मारले. 2017 च्या डिसेंबरात बास्तियाच्या विमानतळाबाहेर दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यातल्या एकाला चुंबन देऊन मारेकऱ्यांना खूण पटवल्याचा आरोप तुरुंगाच्याच एका महिला कर्मचाऱ्यावर झाला. तुरुंगाच्या फाटकापर्यंत टोळीचा हात पोचतो हे पाहिल्यावर बेकरीवाल्याने पोलिसांसमोर नाव घ्यायचे कशाच्या भरवशावर? त्याचे मौन हा परंपरेचा भाग नाही. जिवाची किंमत आणि सरकारची हमी यांची तुलना करून त्याने काढलेला तो निष्कर्ष आहे. हमी बदला, मग निष्कर्ष बदलेल.

हमी किती तोकडी होती याचे एक उदाहरण. फ्रान्सने माफीच्या साक्षीदाराची तरतूद 9 मार्च 2004 च्या कायद्याने केली आणि ती अमलात आणणारा आदेश 2014 च्या मार्चमध्ये काढला. दहा वर्षे कायदा कागदावर पडून राहिला, आणि ही तीच वर्षे जेव्हा 'ब्रीज द मेर'चे लोक एकमेकांना संपवत होते. त्या टोळीतल्या एकाने बोलायचे ठरवले. त्याला तो संरक्षित दर्जा कधीच मिळाला नाही. इटलीत हीच तरतूद गेली कित्येक दशके टोळ्या फोडते आहे.

ही चूक पॅरिसची, हे आम्ही मान्य करतो. पॅरिसच्या चुका इथेच संपत नाहीत. फेब्रुवारी 1998 मध्ये प्रिफेक्ट क्लोद एरिन्याक यांचा खून झाला. त्यानंतर आलेल्या प्रिफेक्टने एप्रिल 1999 मध्ये किनाऱ्यावरचे एक बेकायदा उपाहारगृह चक्क जंदार्मांकडून, म्हणजे लष्करी पोलिसांकडून, रात्री जाळवले. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. कायद्याचा रखवालदारच काडी लावतो, हे बेट विसरलेले नाही. कित्येक वर्षे पोलिसांचे सारे लक्ष बॉम्ब लावणाऱ्या राष्ट्रवाद्यांवर राहिले आणि टोळ्यांना मोकळे रान मिळाले. पण पॅरिसची चूक दाखवून आजाक्सिओची जबाबदारी संपत नाही.

13 जून 2025 च्या कायद्याने चित्र थोडे बदलले. संघटित गुन्हेगारीसाठी राष्ट्रीय अभियोग कार्यालयाची तरतूद झाली आणि जानेवारी 2026 मध्ये ते सुरू झाले. माफीच्या साक्षीदाराची व्याप्ती वाढली. आणि गुन्हेगारी संघटनेला हातभार लावणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरला, तीन वर्षे कैद आणि 45,000 युरो दंड. इटलीने 1982 च्या सप्टेंबरात, खासदार पिओ ला तोरे आणि जनरल दाल्ला किएसा यांच्या खुनांनंतर, माफिया संघटनेची व्याख्याच दंडसंहितेत घातली होती: संघटनेच्या नुसत्या दहशतीने लोकांना गप्प बसवून धंदे, परवाने किंवा कंत्राटे ताब्यात घेणे. फ्रान्सच्या कायद्यात हे 'नुसत्या दहशतीने' अजून आलेले नाही. कॉर्सिकात धमकी उच्चारली जातच नाही, म्हणून ती सिद्धही होत नाही. ही व्याख्या फ्रान्सच्या संसदेने स्वीकारावी, असा ठराव तुमच्या सभेने करावा.

असा कायदा राजकीय कार्यकर्त्यांवरच उलटेल, ही तुमच्यातल्या अनेकांची शंका आहे. दहशतवादविरोधी कायद्यांचा अनुभव पाहता ती निराधार नाही. आमचा अनुभवही सांगतो. महाराष्ट्राच्या मोक्का कायद्यात टोळीचे नुसते सदस्यत्व हा पाच वर्षे ते जन्मठेपेचा गुन्हा आहे. जामीन जवळजवळ अशक्य, आरोपपत्राला 180 दिवस आणि पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाबही पुरावा. या तरतुदींचा अतिरेक झाल्याचे आरोप न्यायालयांत वारंवार झाले आहेत. पण त्याच कायद्यात दोन कुलपेही आहेत. आधीच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागतात. आणि गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षकाची, न्यायालयाने दखल घ्यायला अपर महासंचालकाची मंजुरी लागते. कबुलीजबाबाची तरतूद उचलू नका, कुलपे उचला, आणि त्यांची चावी पोलिसांऐवजी न्यायाधीशाकडे द्या. नागरिक-गट काही खटल्यांत ज्युरीऐवजी व्यावसायिक न्यायाधीश मागतात. साडेतीन लाखांच्या बेटावर ज्युरीतला माणूस आरोपीच्या मावसभावाला ओळखतो, म्हणून ती मागणी आम्हाला योग्य वाटते.

आता ज्या गोष्टी फक्त तुमच्या हातात आहेत त्या. खंडणी, कंत्राट किंवा जमिनीशी जोडलेल्या प्रत्येक संघटित गुन्ह्याच्या खटल्यात कॉर्सिकाची सार्वजनिक संस्था म्हणून तुम्ही नुकसानग्रस्त पक्ष म्हणून उभे राहा. दुकानदार एकटा उभा राहत नाही, तुमच्या मागे उभा राहील. जप्त झालेल्या घरांसाठी निधी ठेवा. 2021 च्या कायद्याने अशी मालमत्ता सार्वजनिक हिताच्या संस्थांना वापरायला देता येते, पण छप्पर गळते, कर थकलेला असतो, वीज तोडलेली असते, आणि लहान संस्था हा खर्च पेलू शकत नाही म्हणून घर पडून राहते. गावातल्या पोरांना टोळीच्या बंगल्यात बालवाडी किंवा तरुण जोडप्यांची घरे दिसली पाहिजेत. शेतीच्या अनुदानात घोषित क्षेत्र आणि प्रत्यक्ष चराई यांचा ताळा घ्या. रस्त्यावर मोकाट फिरणाऱ्या गुरांमागे कित्येकदा कागदावरचा 'पशुपालक' असतो. आणि तुमच्यापैकी प्रत्येकाने, आजपासून, ज्यांच्यावर संघटित गुन्ह्याचे आरोप आहेत त्यांच्या कंपन्यांकडून क्रीडासंघासाठी, उत्सवासाठी, निवडणुकीसाठी काहीही घेऊ नये, आणि घेतले नाही हे लेखी जाहीर करावे.

फेब्रुवारी 2025 मध्ये पोन्ते-लेच्चा इथे एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीला गाडीत गोळ्या लागल्या. तिचा कुठल्याही टोळीशी संबंध नव्हता. त्यानंतर मार्चमध्ये आजाक्सिओच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. ज्या बेटाला आपण गप्प बसणारे म्हणतो, तिथले लोक त्या दिवशी नाव घेऊन बोलत होते.

स्वायत्ततेचे विधेयक पॅरिसच्या संसदेत मार्गी लागायला अजून अवधी आहे. या पत्रातल्या दाखल्यांचा नकाशा, परवान्यांचे समान कार्यालय, कंत्राटांचे चार रकाने आणि जप्त घरांचा निधी या चार गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही, तुमच्या एका बैठकीतले मतदान लागते. पुढच्या अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या घ्या आणि मतदान नावानिशी करा.

कळावे,
फ्रान्स आणि महाराष्ट्रातील काही मराठी भाषक